प्राचार्य गोपाळ गणेश आगरकर



शाळा-कॉलेजांत चालक व शिक्षक यांच्यात वाद झाला की आपण चटकन कुणाला तरी खलनायक ठरवतो. परंतु दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसे असली तर काय होते, हे आगरकरांच्या चरित्रातून समजते.

१४ जुलै १८५६ रोजी कराडजवळच्या टेंभू गावी एका गरीब घरात त्यांचा जन्म झाला. हालअपेष्टा सोसून ते एम. ए. झाले. मोठ्या पगाराची नोकरी सहज मिळाली असती. पण डेक्कन कॉलेजातील मित्र टिळक यांच्याबरोबर त्यांनी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलला वाहून घेतले. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले.

या संस्थेत शिक्षक हेच आजीव सभासद, म्हणजे चालकही तेच. वेतन दरमहा ७५ रुपये. पुढे संसार वाढले आणि प्रश्न निघाला: सभासदाने बाहेरचे काम करावे की नाही? टिळकांचे मत, सर्व वेळ व शक्ती संस्थेचीच. आगरकर व त्यांच्या बाजूचे सभासद म्हणत, नेमलेले काम चोख केल्यावर उरलेला वेळ ज्याचा त्याचा. त्यात समाजसुधारणेवरील मतभेदांची भर पडली. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले, तेव्हा वाद विकोपाला गेला आणि १८९० साली टिळकांनी राजीनामा दिला.

वाचकहो, पुढचे लक्षात घ्या. टिळक गेले, पण कॉलेज बंद पडले नाही. आगरकर मागे राहिले, शिकवीत राहिले आणि १८९२ साली प्राचार्य झाले. दम्याने शरीर पोखरले असतानाही त्यांनी काम सोडले नाही. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या ३९ व्या वर्षी, ते निवर्तले. तेव्हा टिळकांनी 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला.

खांडबाऱ्यासारख्या गावात शाळा उभी करायला वर्षे लागतात, मोडायला एक भांडण पुरते. म्हणून वेतन, कामाचे तास व अधिकार यांचे नियम मैत्री गाढ असतानाच कागदावर लिहून ठेवावेत. मतभेद सभेत बोलावेत, चावडीवर नव्हे. आणि पालकांनी कोणताही पक्ष घेण्यापूर्वी एवढेच पाहावे, की आज वर्गात तास झाला का?