फुरियर : एम-थ्रीतून स्क्रीनशॉटपर्यंत

मित्रांनो, एम-थ्रीचा अभ्यास करताना फुरियरला शिव्या न घालणारा इंजिनिअर विरळाच! पण गेमचा स्क्रीनशॉट मित्राला पाठवताना हाच माणूस गुपचूप मदतीला येतो. १९२० गुणिले १०८० पिक्सेलचं चित्र, प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट, म्हणजे झाले सुमारे ६२ लाख बाइट. तेच जेपेगमध्ये सेव्ह केलं की बहुधा १० लाखांच्या आत येतं. कसं काय?

जोसेफ फुरियर २१ मार्च १७६८ रोजी फ्रान्समधल्या ओसेर गावी एका शिंप्याच्या घरी जन्मला. दहाएक वर्षांचा होईपर्यंत आई-वडील दोघंही गेले. पुढे गावच्या सैनिकी शाळेत गणिताची गोडी लागली. रात्री अभ्यासाला उजेड हवा म्हणून तो मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे गोळा करायचा असं सांगतात. राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९४ मध्ये तुरुंगात गेला, नशिबाने वाचला. १७९५ मध्ये पॅरिसला लाग्रांजसारख्या दिग्गजाकडे शिकला. १७९८ मध्ये नेपोलियनबरोबर इजिप्तला गेला. परत आल्यावर १८०२ मध्ये नेपोलियनने त्याला ग्रेनोबलला चक्क जिल्ह्याचा कारभारी करून टाकलं. तिथे त्याने दलदली आटवल्या आणि तुरीनकडे जाणाऱ्या डोंगरी रस्त्याचं काम पाहिलं. आपल्या पोलादपूरचा आंबेनळी घाट चढलेल्यांना ते काम किती जिकिरीचं असेल हे वेगळं सांगायला नको!

एवढ्या व्यापातही उष्णता धातूतून कशी पसरते याचं गणित त्याने सोडलं नाही. १८०७ मध्ये त्याने निबंध सादर केला. दावा असा, की कसलाही वेडावाकडा आलेख असो, तो साइन-कोसाइनच्या लाटांची बेरीज करून मांडता येतो. परीक्षकांत खुद्द गुरू लाग्रांज! त्याला हे पटेना. गुळगुळीत लाटांतून टोकदार कोपरा कसा तयार होणार? १८११ च्या स्पर्धेचं बक्षीस फुरियरला मिळालं, पण त्यातही सिद्धता काटेकोर नाही असा शेरा होताच. तरी गडी खचला नाही. १८२२ मध्ये त्याने उष्णतेवरचा ग्रंथ छापला. हा दावा कुठल्या अटींवर खरा ठरतो हे डिरिक्लेने १८२९ मध्ये दाखवलं. पुढच्याच वर्षी, १६ मे १८३० रोजी, फुरियर गेला.

आता स्क्रीनशॉटकडे येऊ. १९७४ मध्ये मूळचे बंगळूरचे नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्याबरोबर फक्त कोसाइन लाटा वापरणारी रीत मांडली. गंमत म्हणजे, या कामासाठी त्यांनी केलेला अनुदानाचा अर्जही अमेरिकेत नामंजूर झाला होता! १९९२ मध्ये आलेल्या जेपेगचा पाया हीच रीत. चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोन ६४ लाटांची बेरीज म्हणून लिहायचा आणि डोळ्याला फारशा न जाणवणाऱ्या बारीक लाटा गाळून टाकायच्या. गेममधलं आभाळ, डोंगर, धुकं दोन-चार लाटांत भागतं. म्हणून फाइल लहान होते.

पण त्याच स्क्रीनशॉटवरचा स्कोअर झूम करून बघा. आकड्यांभोवती मळकट ठिपके दिसतील. अक्षराची कड म्हणजे टोकदार कोपरा. तो नीट उमटायला बारीक लाटा लागतात, आणि त्याच तर आपण फेकल्या! लाग्रांजची शंका फुकाची नव्हती. लाटा भरपूर घेतल्या तर फुरियर बरोबर, मोजक्याच घेतल्या तर लाग्रांजचा कोपरा बोचतोच. म्हणून गेममधला देखावा असेल तर जेपेग ठेवा, मेनू किंवा अक्षरं असतील तर पीएनजी. पीएनजी काहीच फेकत नाही, एकसारखे रंग आणि पुन्हा पुन्हा येणारे नमुने थोडक्यात लिहून जागा वाचवतं.

तेव्हा दोस्तांनो, व्हायव्हात सरांनी शंका काढली तर हिरमुसू नका. गुरूच्या शंकेनंतरही फुरियरने पंधरा वर्षं काम चालू ठेवलं, आणि शंका घेणारा गुरूही अडाणी नव्हता!