काठावरची वाट आणि अहिल्याबाई

जानेवारीतली गोष्ट. नवीन सेम नुकतंच सुरू झालं होतं, जर्नल्स अजून कोरी होती आणि सबमिशनचं भूत अजून मानगुटीवर बसलं नव्हतं. अशा एका रविवारी आम्ही हॉस्टेलचे चौघं पहाटे साडेपाचला सायकली घेऊन बाहेर पडलो. प्लॅन अगदी सोपा होता. गोदावरीचा काठ धरायचा आणि नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी बघूनच थांबायचं. साठेक किलोमीटरचं अंतर, आणि त्यात निफाडची थंडी! हँडल धरलेली बोटं आपलीच आहेत का, हे अधूनमधून बघावं लागत होतं.

चांदोरी-सायखेड्यापर्यंत डांबरी रस्ता होता. पुढे मोबाईलच्या नकाशात नदीला चिकटून एक बारीक रेघ दिसली. गाड्या नाहीत, धूर नाही, शेजारी पाणी, अजून काय पाहिजे? घातल्या सायकली. ती रेघ म्हणजे एका द्राक्षबागेचा बांध निघाला. बागेत शेकोटी पेटवून बसलेल्या बाबांनी आम्हाला अडवलं. त्यांचं म्हणणं असं, की महिन्यापूर्वी अशीच शहरातली सायकलवाली मंडळी आली होती. ठिबकची नळी चाकाखाली फुटली, घड तोडले गेले, पाण्याच्या बाटल्या बांधावर पडून राहिल्या. आमच्यातल्या एकाने, नदी सगळ्यांची असते, असा मुद्दा मांडला. बाबांनी तो लगेच मान्य केला. नदी सगळ्यांचीच, पण बांध माझा, एवढंच ते म्हणाले. वायवाला एक्स्टर्नलने गुगली टाकावी तशी आमची अवस्था झाली. मुकाट्याने परत फिरलो.

सोमवारी हा किस्सा मी वर्कशॉपमधल्या काकांना सांगितला. काका मूळचे चांदवडचे. ते हसले आणि म्हणाले की हे भांडण आमच्या अहिल्याबाईंनी सव्वादोनशेहून जास्त वर्षांपूर्वीच मिटवलंय, जा लायब्ररीत आणि वाच. खरं सांगतो, तोपर्यंत अहिल्याबाई म्हणजे माझ्यासाठी रामकुंडाजवळच्या पुलाचं नाव होतं. इंग्रजांच्या काळातला व्हिक्टोरिया पूल आज अहिल्यादेवी होळकर पूल म्हणून ओळखला जातो, एवढंच माझं जनरल नॉलेज. मग वाचायला लागलो, आणि त्या रविवारचं उत्तर मला सापडलं.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी गावी झाला. हे गाव जामखेड तालुक्यात आहे. जिल्हा तेव्हाचा अहमदनगर, आता त्यांच्याच नावाने अहिल्यानगर. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील, घर धनगर समाजातलं. मुलींना अक्षरओळखही नसायची अशा काळात माणकोजींनी लेकीला लिहायला-वाचायला शिकवलं. १७३३ मध्ये मल्हारराव होळकरांचा मुलगा खंडेराव यांच्याशी त्यांचं लग्न झालं, आणि आठ वर्षांची ती मुलगी माळव्यात गेली.

१७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव तोफेच्या गोळ्याने मारले गेले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या होत्या. सासऱ्यांनी त्यांना परत फिरवलं आणि पुढची बारा वर्षं हिशेब, पत्रव्यवहार, रसद, तोफखाना अशा सगळ्या कामांत तयार केलं. आपल्या भाषेत सांगायचं तर कडक गाईडच्या हाताखालचं प्रोजेक्टच! १७६६ मध्ये मल्हारराव गेले, गादीवर आलेला मुलगा मालेराव वर्षभरातच, १७६७ मध्ये गेला. घरात कर्ता पुरुष उरला नाही म्हणताच दौलतीवर डोळा ठेवून राघोबादादा फौजेसह माळव्यात आले. बाईंनी इतर सरदारांना पत्रं धाडली, फौज सज्ज ठेवली आणि कळवलं, की बाईला हरवलंत तर त्यात नाव नाही, आणि बाईकडून हरलात तर तोंड दाखवायला जागा नाही. दादांनी आपण सांत्वनाला आल्याचं सांगून वेळ मारून नेली! पुढे माधवराव पेशव्यांनी बाईंच्या कारभाराला मान्यता दिली. तुकोजी होळकर फौज सांभाळायचे आणि बाई राज्य.

नर्मदेच्या काठावरचं महेश्वर त्यांनी राजधानी केलं. आता आमच्या विषयाकडे येतो.

माळव्यातून दख्खनला जाणाऱ्या वाटा नर्मदेच्या दोन्ही अंगांच्या डोंगरांतून जायच्या. यात्रेकरू, बैलांवर माल लादून जाणारे व्यापारी आणि नर्मदेची परिक्रमा करणारे, सगळ्यांना या डोंगरांतून जावं लागे आणि तिथे लूटमार व्हायची. डोंगर भिल्लांचे. जाणारा त्यांच्या जंगलातून जायचा, पण त्यात त्यांना काहीच मिळायचं नाही. बाईंनी आधी समजावून पाहिलं, मग कडक शिक्षाही दिल्या. असं सांगतात, की लूटमार थांबवेल त्याला लेक देईन असं त्यांनी जाहीर केलं होतं, आणि यशवंतराव फणसे असेच जावई झाले. पण खरा फरक पडला तो त्यांच्या पुढच्या निर्णयाने. डोंगरातून जाणाऱ्या मालावर थोडी पट्टी घ्यायचा भिल्लांचा हक्क त्यांनी मान्य केला. तीच ‘भील कवडी’. कसायला पडीक जमीन दिली. बदल्यात वाटेची राखण भिल्लांकडे. त्यांच्या हद्दीत चोरी झाली तर माल शोधून द्यायची जबाबदारीही त्यांचीच.

हे वाचलं आणि बांधावरचे बाबा डोळ्यांसमोर आले. ज्याच्या दारावरून वाट जाते त्याला वाटेत वाटा नसेल तर तो वाट अडवणार, आणि वाटा असेल तर तोच ती राखणार. सव्वादोनशेहून जास्त वर्षांपूर्वी ज्यांना दरोडेखोर म्हणत होते, त्यांनाच बाईंनी रखवालदार केलं.

दुसरी गोष्ट पैशाची. होळकरांकडे दौलतीचा खजिना वेगळा आणि घरातल्या स्त्रियांची ‘खासगी’ वेगळी. देवळं, घाट, विहिरी, धर्मशाळा यांचा मोठा खर्च बाईंनी खासगीतून केला, आणि तोही बहुतेक दुसऱ्यांच्या मुलुखात. काशी विश्वनाथाचं देऊळ (१७८०), सोमनाथचं देऊळ (१७८३), गयेचं विष्णुपद मंदिर (१७८७) यातलं एकही होळकरांच्या राज्यात नव्हतं. आपल्याकडे चांदवडला त्यांच्या काळचा रंगमहाल आहे आणि तिथल्या रेणुकादेवीच्या मंदिराचं कामही त्यांनी केलं. उन्हाळ्यात वाटसरूंसाठी पाणपोया, थंडीत गरिबांना गरम कपडे, ठिकठिकाणी सदावर्त. नुसतं बांधून त्या थांबल्या नाहीत, कामाच्या मागे कायमचं उत्पन्न लावून दिलं. आपण प्रोजेक्टच्या एस्टिमेटमध्ये मेंटेनन्सचा कॉलम शेवटी, आणि तोही घाईत भरतो. बाईंनी तो आधी भरला होता.

तिसरी गोष्ट घाट. सिव्हिलच्या मित्रांनी महेश्वरचा घाट एकदा बघाच. नदीची पातळी उन्हाळ्यात खाली आणि पावसाळ्यात कितीतरी वर. पायऱ्या असल्या की पाणी कुठेही असो, माणसाला पाण्याशी उभं राहायला जागा मिळते. पूर आला तर तो दगडावरून वाहून जातो, ओसरला की गाळ धुवायचा आणि घाट पुन्हा सुरू. आपल्या नाशिकमध्ये गोदापार्क झाला, काठाने फिरायला छान जागा मिळाली, पण २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांत काठावरच्या कामांची काय दशा झाली ते आपण जाणतोच. नदीची जागा नदीला देऊन बांधायचं असतं, हे पुस्तकात शिकतो आणि साइटवर विसरतो.

बाईंचं सगळंच बरोबर होतं असंही नाही. दानधर्मापेक्षा फौजेवर जास्त खर्च व्हायला हवा होता, अशी टीका झाली. तुकोजींशी पैशावरून खटके उडत. १७९३ मध्ये लाखेरीला महादजी शिंद्यांच्या फौजेने होळकरांचा मोठा पराभव केला. घरात तर दुःखाची रांगच लागली. नातू गेला, १७९१ मध्ये जावई गेले आणि मुलगी मुक्ताबाई सती गेली. स्वतः चितेवरून परत फिरलेल्या आईला लेकीला काही परत फिरवता आलं नाही. तरीही कारभार थांबला नाही. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरला वयाच्या सत्तराव्या वर्षी त्यांचं निधन झालं. पुढे इंग्रज अधिकारी जॉन माल्कमने माळव्यात हिंडून त्यांच्याबद्दल लोकांकडून माहिती गोळा केली आणि १८२३ मध्ये ती ग्रंथात छापली. पराभूत राज्याबद्दल शत्रूने इतक्या आदराने लिहावं, यात सगळं आलं.

आज युरोपात डॅन्यूब नदीच्या काठाने जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत तीनशेहून जास्त किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. पूर्वी घोडे काठावरून चालत नावा ओढायचे, तीच जुनी वाट बऱ्याच ठिकाणी वापरली आहे. वाटेतल्या गावांत मुक्काम, जेवण, दुरुस्ती, म्हणून गावांनाही ती वाट हवीशी वाटते. आपल्याला हे ऐकून फॉरेनचं कौतुक वाटतं. पण नर्मदेची सुमारे २६०० किलोमीटरची परिक्रमा शतकानुशतकं चालू आहे ती काठावरच्या गावांच्या जिवावर. परिक्रमावासी आला की शिधा आणि ओसरी मिळते. धरणांखाली जुन्या वाटा बुडाल्या तरी लोकांनी नव्या वाटा धरल्या. काही जण आता सायकलवरूनही जातात.

मित्रांनो, पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा बाबांकडे गेलो. या वेळी आधी सायकली रस्त्याला लावल्या आणि चालत गेलो. ठिबकची नवी नळी आणि जॉइनर नेले होते. फुटलेला तुकडा बदलून दिला, बाटल्या गोळा केल्या. आधीची चूक आमची नव्हती, पण बाबांच्या दृष्टीने आम्ही सगळे एकच. मग चहा झाला आणि चहावर करार झाला. बांधावरून सायकल हातात धरून, एकामागून एक जायचं. फवारणी आणि तोडणीच्या दिवसांत पलीकडच्या गाडीवाटेने जायचं. घड तोडायचा नाही, हवा तर विकत घ्यायचा. परतताना त्यांच्याकडे भाकरी-पिठलं, पैसे मोजून. पुढच्या दोन शेतकऱ्यांशी बाबाच आमच्यासाठी बोलले. त्या दिवशी आम्ही नांदूरमध्यमेश्वरला पोचलो आणि पक्षीही भरपूर दिसले. येताना एकाची सायकल पंक्चर झाली तेव्हा बाबांच्या नातवाने बादलीभर पाणी आणून भोक शोधून दिलं.

आता आमच्या रूमवर एक पत्र्याचा डबा आहे. प्रत्येक राइडला माणशी दहा रुपये त्यात पडतात. वाटेत कुणाचं काही मोडलं तर भरून द्यायला. डब्यावर मार्करने ‘कवडी’ असं लिहिलंय. रेक्टर सरांनी विचारलं तेव्हा सगळी कथा सांगावी लागली. सरांनी ती ऐकून घेतली आणि दहा रुपये टाकले. म्हणजे पुढच्या राइडला तेही येणार!

ज्यांना यायचंय त्यांनी हॉस्टेलच्या बोर्डवर नाव लिहावं. स्वतःची पाण्याची बाटली आणा, आणि ती परतही आणा.