अण्णा कर्व्यांचे विद्यार्थीपण

निवृत्तीनंतर डोके शाबूत कसे ठेवावे, याविषयी आपल्याकडे सल्ल्यांना तोटा नाही. रोज शब्दकोडे सोडवा, बदाम खा, फोन नंबर पाठ करा, सकाळी टेकडीवर जा. यातले काहीच वाईट नाही. टेकडी तर उत्तमच. पण हा विषय निघाला की माझ्या डोळ्यांसमोर १९२९ सालच्या मार्च महिन्यात परदेशी निघालेले एक किरकोळ अंगकाठीचे गृहस्थ येतात. वय सत्तर पूर्ण, एकाहत्तरावे संपायला महिनाभर उरलेला. स्वभाव भिडस्त आणि मुखदुर्बळ. आणि निघाले कशाला, तर इंग्लंड, युरोप, अमेरिका आणि जपानमध्ये अनोळखी माणसांसमोर इंग्रजीत भाषणे करून हिंदुस्थानातल्या स्त्रीशिक्षणाची माहिती द्यायला आणि जमले तर पैसे जमवायला. धोंडो केशव कर्वे हे त्यांचे नाव.

कर्व्यांची गोष्ट आपल्याकडे नेहमी समाजसुधारणेच्या प्रकरणात सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. पण १८५८ ते १९६२ असे १०४ वर्षांचे हे आयुष्य दुसऱ्या बाजूनेही पाहण्यासारखे आहे. हा माणूस दर पंधरा-वीस वर्षांनी, हातातले काम जरा अंगवळणी पडले की, ज्यात आपल्याला गती नाही असे काहीतरी नवे घेऊन पुन्हा पहिल्या इयत्तेत जाऊन बसतो.

मुळात त्यांची गणना हुशार विद्यार्थ्यांत व्हावी असे काही नव्हते. कोकणात दापोलीजवळचे मुरूड हे त्यांचे गाव. १८७५ साली सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी हा मुलगा सोबत्यांबरोबर ऐन पावसाळ्यात सह्याद्री चढून शंभरावर मैल चालत साताऱ्याला गेला. तिथे साहेबांना तो सतरा वर्षांचा वाटेना, म्हणून त्याला परीक्षेलाच बसू दिले नाही. तसाच परत आला. ती परीक्षा पुढच्या वर्षी कोल्हापुरात दिली. मॅट्रिक झाले तेव्हा वय तेवीस होते. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ साली गणित घेऊन बी. ए. झाले. १८९१ मध्ये पहिली पत्नी राधाबाई वारल्या आणि त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून ते पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले. इथवरचा माणूस तेव्हाच्या कुठल्याही कष्टाळू प्राध्यापकासारखा दिसतो.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. १८९३ साली त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि मुरूडने दोघांना वाळीत टाकले. १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची संस्था उभी राहिली आणि १९०० मध्ये आश्रम हिंगण्याच्या माळावर गेला. दिवसभर कॉलेजात गणित शिकवायचे आणि संध्याकाळी चिखलवाटेने चारेक मैल हिंगण्याला चालत जायचे, असा क्रम त्यांनी दोनेक वर्षे चालवला. मेंदूचे आजचे डॉक्टर ज्याला उत्तम व्यायाम म्हणतील तो अण्णांना पदरी पैसा नसल्यामुळे आपोआप घडत होता. २०११ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ५५ ते ८० वयाच्या १२० जणांची पाहणी झाली. त्यांपैकी निम्मे वर्षभर आठवड्यातून तीनदा चालत होते. त्यांच्या मेंदूतला स्मरणाशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग सुमारे दोन टक्क्यांनी वाढला. नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचा मात्र थोडा आक्रसला. प्रौढ मेंदूतल्या वाटा एकदा ठरल्या की ठरल्या, असे शास्त्रज्ञ कित्येक दशके मानत आले होते. ती समजूत आता मागे पडली आहे.

पण चालणारी माणसे पुष्कळ असतात. कर्व्यांचे वेगळेपण मला दिसते ते १९१५ सालच्या एका प्रसंगात. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका बनारसहून त्यांच्याकडे आली होती. ती त्यांनी वरवर चाळली आणि बाजूला ठेवली. आपण सगळेच असे करतो. काही महिन्यांनी मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. भाषणाची तयारी करताना ती पुस्तिका पुन्हा हाती लागली आणि या वेळी त्यांनी ती नीट वाचली. वय सत्तावन्न. हिंगण्याची संस्था उभी होती आणि सहकारी जिवाला जीव देणारे होते. या वयात माणूस आपण उभे केलेले सांभाळतो. अण्णांनी मात्र स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ, आणि तेही मातृभाषेतून शिकवणारे, अशी कल्पना त्या परिषदेत मांडली. पुढच्या वर्षी, १९१६ च्या जूनमध्ये, विद्यापीठ सुरूही झाले. आश्रमातल्या काही सहकाऱ्यांना हे मुळीच रुचले नाही. एक काम अर्धे असताना दुसरे कशाला, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो अगदी वावगा नव्हता. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसींची पंधरा लाखांची देणगी आली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे नाव लागले.

याच आश्रमातली आणखी एक व्यक्ती इथे आठवायलाच हवी. पार्वतीबाई आठवले या आनंदीबाईंच्या, म्हणजे लग्नापूर्वीच्या गोदूबाईंच्या, धाकट्या बहीण. विसाव्या वर्षी वैधव्य आले. पंचविशी उलटल्यावर त्या शिक्षणाला लागल्या. नंतर आश्रमासाठी वर्गणी गोळा करत देशभर हिंडल्या. इंग्रजी येत नाही ही खंत होती, म्हणून १९१८ साली, पन्नाशीला टेकलेल्या असताना, त्या अमेरिकेला गेल्या आणि घरकामाची नोकरी धरून भाषा शिकल्या. नव्या भाषेच्या शिकवणीला जायला साठीत संकोच वाटतो असे म्हणणाऱ्यांना मी पार्वतीबाईंची हकीकत सांगतो.

आणि इथे कर्व्यांच्या मूळ कामाचा आपल्या विषयाशी असलेला संबंध उघड होतो. २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांनी स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, पण बदलता येण्यासारखी चौदा कारणे नोंदवली. लहानपणचे अपुरे शिक्षण, एकाकीपण, हालचालींचा अभाव, मनाचे खचलेपण ही त्यांतली काही. माजघरात कोंडलेल्या, अक्षरओळख नसलेल्या, चारचौघींत मिसळायला बंदी असलेल्या बालविधवेच्या आयुष्याशी ही यादी ताडून पाहावी. आपल्या रूढीने तिच्या मेंदूपुढे वाढून ठेवले होते ते हेच. हिंगण्याच्या झोपडीत तिला पाटी, मैत्रिणी आणि काम या तीन गोष्टी मिळत होत्या.

परदेशाच्या दौऱ्याचे काय झाले? अण्णा इंग्लंडमध्ये शिक्षकांच्या परिषदेत बोलले, लंडनला भाषण केले, जिनिव्हा आणि डेन्मार्कमधल्या एल्सिनोर इथल्या शिक्षणपरिषदांना गेले, अमेरिकेत व्याख्याने दिली आणि शेवटी ज्या पुस्तिकेने डोक्यात किडा सोडला होता तिच्यातले टोकियोचे विद्यापीठ प्रत्यक्ष पाहिले. १९३० च्या एप्रिलमध्ये परतले. तेवढ्याने भागले नाही म्हणून त्याच वर्षीच्या डिसेंबरात आफ्रिकेला गेले आणि केनिया, युगांडा, टांगानिका, झांजिबार करत दक्षिण आफ्रिकेपर्यंत सव्वा वर्ष फिरून आले.

इतक्यावर कोणीही थांबले असते. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, अण्णांच्या मनात आले की आपण विद्यापीठ काढले खरे, पण ज्या खेड्यांत प्राथमिक शाळाच नाही त्यांचे काय? मग ग्रामीण प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले. आपल्या पेन्शनीतला वाटा त्यात घातला आणि बाकीच्यासाठी दारोदार फिरून नाणी गोळा केली. लाखांची देणगी पाहिलेला माणूस पुन्हा पैशा-आण्यांवर आला आणि त्याला त्यात कमीपणा वाटला नाही. याच साली त्यांचे इंग्रजी आत्मचरित्रही प्रसिद्ध झाले. आत्मचरित्र लिहून झाल्यावरही ज्याला नवे प्रकरण सुरू करावेसे वाटते, त्याच्याविषयी काय बोलावे! जानेवारी १९४४ मध्ये शहाऐंशीव्या वर्षात समता संघ स्थापन केला. विधवा, मग सगळ्या स्त्रिया, मग खेड्यातली मुले आणि शेवटी माणूस म्हणून सगळे. प्रत्येक टप्प्याला त्यांनी आपलाच आधीचा विचार अपुरा ठरवला आहे. वयाबरोबर मत घट्ट होत जाण्याचा आपला सर्वांचा अनुभव पाहता, मला त्यांच्या दौऱ्यांपेक्षा याचेच नवल अधिक वाटते.

हे लिहिताना एक धोका जाणवतो. शंभरी गाठलेल्या एका माणसावरून नियम काढू नये. त्यांची प्रकृती उपजत काटक असणार. घरी दुसरे कोणीतरी खस्ता खात होते, हे तर नक्कीच. आयुष्याच्या विम्याची पाच हजारांची पॉलिसीसुद्धा अण्णांनी आश्रमाच्या नावे केली, तेव्हा आनंदीबाईंवर काय गुदरले असेल? या आनंदीबाई म्हणजे सगळ्यांच्या बाया. मुलांना वाढवणे, वाळीत पडलेल्या घराची अब्रू राखणे, ओढाताण सोसणे हे सारे त्यांच्या वाट्याला आले. ‘माझे पुराण’ या आत्मकथनात त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे. कर्व्यांच्या चरित्राआधी ते वाचावे, असे मी म्हणेन. अण्णांचा मेंदू नव्या नव्या प्रश्नांसाठी मोकळा राहिला, तो काही अंशी बायांनी जुने प्रश्न अंगावर घेतल्यामुळे.

बाया १९५० साली गेल्या. १९५३ मध्ये थोरले चिरंजीव रघुनाथराव, संततिनियमनासाठी आयुष्यभर एकट्याने झगडलेले, तेही वारले. दीर्घायुष्याचा हा भाग अभिनंदनपत्रांत येत नाही. १९५८ साली शताब्दी झाली, भारतरत्न मिळाले, टपाल खात्याने तिकीट काढले, मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवरच्या समारंभाला पंतप्रधान नेहरू आले. एकेकाळी ज्याला गावच्या पंक्तीत पान मिळत नव्हते तो माणूस शंभराव्या वर्षी त्या गर्दीसमोर बसला होता. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. हिंगण्याच्या त्या माळाचे आता कर्वेनगर झाले आहे आणि ज्या वाटेवर अण्णांचे पाय चिखलात रुतत, तिथून दर सकाळी मुली स्कूटरवरून कॉलेजला जातात.