तांबड्या केसांचे धर्मगुरू : आंतोनियो विवाल्दी



या पानावर आपण बहुधा संतांची आणि मिशनऱ्यांची चरित्रे वाचता. आज ज्यांच्याविषयी लिहीत आहोत ते संत नव्हते आणि त्यांना संत म्हणावे अशी मागणीही कोणी केलेली नाही. मात्र ते धर्मगुरू होते, आणि त्यांचे संगीत आपल्यापैकी पुष्कळांनी नाव न कळता ऐकलेले आहे. एखाद्या कार्यालयात फोन लावला की थांबा असे सांगून जे व्हायोलिन ऐकवतात, ते अनेकदा त्यांचेच असते.

आंतोनियो विवाल्दी यांचा जन्म ४ मार्च १६७८ रोजी इटलीतील व्हेनिस शहरात झाला. बाळ जगते की नाही अशी स्थिती होती, म्हणून सुईणीनेच घरी बाप्तिस्मा दिला. चर्चमधले उरलेले विधी दोन महिन्यांनी, ६ मे रोजी झाले. (मरणाचा धोका असेल तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, हे धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलेले येथे आठवावे.) वडील आधी न्हावी होते, पुढे व्हायोलिनवादक झाले आणि १६८५ साली संत मार्क यांच्या मोठ्या मंदिरात वादक म्हणून लागले. बापलेकांचे केस तांबडे. त्यामुळे मुलगा पुढे धर्मगुरू झाला तेव्हा सारे शहर त्याला तांबडा पाद्री म्हणू लागले.

वयाच्या पंधराव्या वर्षी त्यांचे याजकपदाचे शिक्षण सुरू झाले आणि २३ मार्च १७०३ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्यानंतर वर्षभर, फार तर थोडे अधिक, त्यांनी मिस्सा अर्पण केली आणि मग कायमची थांबवली. छाती आवळून येते, काही वेळा मिस्सा अर्धवट टाकून वेदी सोडावी लागली, असे कारण त्यांनी १७३७ साली एका पत्रात दिले. बहुधा दमा असावा. टीकाकार म्हणत की ज्याला मिस्सा झेपत नाही त्याला नाटकमंडळ्या घेऊन गावोगावचा प्रवास कसा झेपतो? प्रश्न खोटा नाही. त्यांनी पुष्कळ ऑपेरा लिहिले, त्यांच्या पैशाच्या व्यवहारात स्वतः लक्ष घातले, आणि आन्ना जिरो नावाच्या गायिकेशी त्यांच्या मैत्रीची चर्चा सतत होत राहिली. १७३७ साली फेराराच्या कार्डिनलांनी त्यांना शहरात येण्यास मनाई केली, ती याच दोन कारणांनी.

आम्हाला हा भाग लपवावासा वाटत नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना एखाद्या कृतीचे कारण आणि तिचा हेतू वेगळे करायला शिकवतात. कारण दम्याचे असेल. हेतू एकट्या देवाला ठाऊक. पण ज्याचे हात वेदीवर चालेनात त्या याजकाने त्या हातांनी दुसरे काय केले, हे मात्र आपल्याला पाहता येते.

व्हेनिसमध्ये 'पिएता' नावाचे अनाथालय १३४६ सालापासून होते. भिंतीत एक कोनाडा होता. नको असलेले मूल त्यात ठेवून आई तोंड न दाखवता निघून जाई. आपल्याकडे जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, त्यामागची व्यथा हीच. पिएतातील मुले धंदा शिकून बाहेर पडत. मुली बहुधा तिथेच राहत. त्यांपैकी ज्यांचा गळा किंवा हात चांगला, त्यांना संगीत शिकवले जाई. गुरुदीक्षेनंतर सहा महिन्यांनी, सप्टेंबर १७०३ मध्ये, विवाल्दी तेथे व्हायोलिनचे शिक्षक झाले.

या मुलींना आडनाव नव्हते. आडनावाच्या जागी वाद्य लावले जाई. आन्ना मारिया नावाची एक मुलगी होती, तिला व्हायोलिनवाली आन्ना मारिया म्हणत. विवाल्दींनी तिच्यासाठी अनेक कठीण रचना लिहिल्या. ती पुढे तिथेच शिक्षिका झाली आणि १७८२ साली तिथेच वारली. चर्चमध्ये उंच गॅलरीत, जाळीच्या आड या मुली वाजवीत. ऐकायला राजेरजवाडे आणि परदेशी प्रवासी येत, त्यांना चेहरे दिसत नसत. आईने कोनाड्यात सोडलेल्या मुलींसाठी युरोपातले लोक व्हेनिसला थांबत होते.

संस्थेच्या विश्वस्तांशी त्यांचे नेहमी जमले असे नाही. १७०९ साली सात विरुद्ध सहा मतांनी त्यांची नेमणूक थांबली, १७११ साली परत बोलावले. (समित्या तेव्हाही अशाच होत्या.) १७१६ साली त्यांनी जुन्या करारातील युदिथच्या पुस्तकावर संगीतकथा रचली. त्यातील पुरुषांची कामेही मुलींनीच गायिली. १७२३ पासून पिएतासाठी महिन्याला दोन रचना देण्याचा करार झाला आणि पुढील दहा वर्षांत १४० हून अधिक रचनांचे पैसे संस्थेने चुकते केले.

त्यांचे 'चार ऋतू' १७२५ साली आम्स्टरडॅममध्ये छापले गेले. आपल्या पिशोरच्या शेतकऱ्यांनी यातला 'उन्हाळा' ऐकावा. आधी जीव कासावीस करणारा उकाडा, माश्यांची भुणभुण, दूरवरचा गडगडाट, मग वादळ आणि गारा. उभे पीक झोडपून निघते. मार्च २०१४ ची मराठवाड्यातील गारपीट ज्यांनी पाहिली, त्यांना या व्हायोलिनचा अर्थ सांगावा लागणार नाही.

शेवट मात्र वाईट झाला. व्हेनिसची आवड बदलली. १७४० साली हातातल्या रचना विकून ते व्हिएन्नाला निघाले. सम्राट सहावे चार्ल्स यांचा आश्रय मिळेल ही आशा होती, पण सम्राट त्याच ऑक्टोबरात वारले. २८ जुलै १७४१ रोजी एका खोगीर करणाऱ्याच्या विधवेच्या घरी विवाल्दींचे निधन झाले आणि त्याच दिवशी थोडक्या खर्चात इस्पितळाच्या दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. ती दफनभूमी आज उरलेली नाही.

जवळपास दोनशे वर्षे त्यांना कोणी फारसे विचारले नाही. बाख या जर्मन संगीतकाराने त्यांच्या काही रचना स्वतःसाठी उतरवून घेतल्या होत्या, एवढेच अभ्यासकांना ठाऊक. १९२६ साली उत्तर इटलीतील डॉन बॉस्कोंच्या सेल्सियन फादरांना आपल्या शाळेच्या दुरुस्तीसाठी पैसे हवे होते, म्हणून त्यांनी जुन्या हस्तलिखितांची बाडे विकायला काढली. तूरिन विद्यापीठाचे प्राध्यापक जेन्तिली यांनी ती पाहिली आणि ओळखले. विद्यापीठाकडे पैसे नव्हते. रोबेर्तो फोआ या गृहस्थांचा लहानगा मुलगा मौरो वारला होता. त्याच्या स्मरणार्थ त्यांनी ती बाडे विकत घेऊन तूरिनच्या ग्रंथालयाला दिली. उरलेला अर्धा भाग जेनोवातील एका सरदार घराण्याकडे निघाला. तो १९३० साली फिलिप्पो जोर्दानो यांनी घेऊन दिला, तोही आपल्या मृत मुलाच्या, रेन्झोच्या नावाने. आज ती हस्तलिखिते या दोन बाळांच्या नावाने ओळखली जातात.

हे संगीत वाजवायचे कसे, हा प्रश्न त्यानंतरचा. आजच्या व्हायोलिनला बहुधा धातूच्या तारा असतात. त्या काळी आतड्याच्या तातेच्या असत, जशा आपल्या सारंगीला. गज हलका आणि बाहेरच्या बाजूने किंचित वाकलेला असे. आवाज लहान, पण बोलल्यासारखा. व्हिएन्नातच १९५३ साली निकोलाउस आर्नोनकूर आणि त्यांच्या सोबत्यांनी एक लहान वाद्यवृंद उभा केला, जुनी वाद्ये शोधून दुरुस्त केली, आणि चार वर्षे आपापसात सराव करून १९५७ साली पहिला जाहीर कार्यक्रम केला. पुढे इटलीतही असे वृंद निघाले. थोड्या वादकांनी, जुन्या वाद्यांवर 'उन्हाळा' वाजवला की गारा खरोखर टोचतात. आम्हाला विचाराल तर मोठ्या वाद्यवृंदापेक्षा हेच ऐकावे.

आपल्या देवळात पेटी, ढोलकी आणि टाळ आहेत, ते उत्तम आहे. विवाल्दींनी पिएताच्या मुलींसाठी रचलेले 'ग्लोरिया' म्हणजे आपण रविवारच्या मिस्सेत म्हणतो तेच गौरवगीत, लॅटिनमध्ये. बारा भाग, साधारण अर्धा तास. १९३९ साली सिएना शहरात ते आधुनिक काळात प्रथम गायले गेले. जुन्या वाद्यांवरचे त्याचे ध्वनिमुद्रण आमच्याकडे आहे. पुढील रविवारी मिस्सेनंतर सभागृहात लावू. गायनपथकातील मुलींनी पुढे बसावे.