थोरांची ओळख : लायनस पॉलिंग आणि 'क' जीवनसत्त्व



थोरांची चरित्रे आपण वाचतो ती बहुधा त्यांच्या यशासाठी. या अंकात मात्र आम्ही अशा शास्त्रज्ञाची ओळख करून देत आहोत, ज्यांच्या यशाइतकेच त्यांच्या चुकीपासूनही शिकण्यासारखे आहे. त्यांचे नाव लायनस पॉलिंग. कोणाबरोबर वाटून न घेता दोन नोबेल पुरस्कार मिळवणारी ती जगातील एकमेव व्यक्ती. सर्दी झाली की 'क' जीवनसत्त्वाची गोळी घ्यायची, ही सवय घरोघरी पोहोचण्यातही त्यांचाच मोठा वाटा आहे.

आपण ज्या तारखेला राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो, त्याच २८ फेब्रुवारीला, १९०१ साली, अमेरिकेतील पोर्टलंड शहरी त्यांचा जन्म झाला. वडिलांचे औषधांचे दुकान होते. लायनस नऊ वर्षांचा असताना वडील वारले आणि आईने भाडेकरू ठेवून घर चालवले. एका मित्राच्या घरी रसायनांचे प्रयोग पाहून मुलाला विज्ञानाची गोडी लागली. पैशाची सदा चणचण. कॉलेजात असताना त्यांना मध्येच वर्षभर शिकवण्याची नोकरी करावी लागली. तरीही १९२२ मध्ये ते पदवीधर झाले आणि १९२५ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

अणू एकमेकांना कसे धरून ठेवतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. १९३९ साली या विषयावर त्यांनी लिहिलेला ग्रंथ रसायनशास्त्राचा पाया मानला जातो. १९४९ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की सिकलसेल हा आजार रक्तातील हिमोग्लोबिनच्या रेणूतील दोषामुळे होतो. या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम आपल्याच मध्यप्रदेशातील शहडोल येथून १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. पॉलिंग यांना १९५४ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

पुढे अणुचाचण्यांमुळे हवेत पसरणाऱ्या किरणोत्सर्गाविरुद्ध ते उभे राहिले. सरकारने त्यांना पासपोर्ट नाकारला, वर्तमानपत्रांनी झोडपले, पण ते हटले नाहीत. पत्नी एव्हा हेलन यांच्या साथीने त्यांनी अकरा हजारांहून अधिक शास्त्रज्ञांच्या सह्या गोळा केल्या. १९६२ सालचे शांततेचे नोबेल त्यांना मिळाले. सारे विरोधात असतानाही आपण बरोबर असू शकतो, हा अनुभव त्यांनी घेतला होता. पुढची गोष्ट समजून घेताना हे ध्यानात ठेवावे.

१९६६ साली आयर्विन स्टोन नावाच्या जीवरसायनशास्त्रज्ञाने त्यांना पत्र लिहून रोज ३ ग्रॅम 'क' जीवनसत्त्व घेण्याचा सल्ला दिला. पॉलिंग दांपत्याने तो मानला. सर्दी कमी होते, असे त्यांना जाणवले. पॉलिंग यांचा तर्कही बिनबुडाचा नव्हता. बहुतेक प्राणी हे जीवनसत्त्व आपल्या शरीरातच तयार करतात. माणसाला ते जमत नाही, त्याला ते अन्नातूनच मिळवावे लागते. ते अजिबात न मिळाल्यास हिरड्यांतून रक्त येणारा स्कर्व्ही रोग होतो. शिवाय ते अँटिऑक्सिडंट आहे. सफरचंदाची फोड उघडी ठेवली की काळी पडते, लिंबू चोळले की तशीच राहते. ऑक्सिजनमुळे होणारी अशी हानी ते शरीरातही रोखते. तेव्हा थोड्याने रोग टळतो, तर पुष्कळाने आरोग्य सुधारेल, असे पॉलिंग यांना वाटले. १९७० साली त्यांनी सर्दी आणि 'क' जीवनसत्त्व यांवर पुस्तक लिहिले आणि गोळ्यांची विक्री एकदम वाढली. ते स्वतः पुढे रोज १२ ते १८ ग्रॅम घेत असत.

त्यानंतर ते कर्करोगाकडे वळले. स्कॉटलंडचे शल्यचिकित्सक इवान कॅमेरॉन यांच्यासह १९७६ मध्ये त्यांनी लिहिले की रोज १० ग्रॅम दिलेले रुग्ण अधिक काळ जगले. परंतु ही तुलना जुन्या नोंदींशी केलेली होती. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने मग नीट परीक्षा घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला जीवनसत्त्व, दुसऱ्याला तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी. कोणाला काय दिले, हे रुग्णांनाही ठाऊक नाही आणि डॉक्टरांनाही नाही. १९७९ आणि १९८५, दोन्ही वेळी फरक आढळला नाही. पॉलिंग यांनी दोन्ही निष्कर्षांवर आक्षेप घेतले आणि आपले मत शेवटपर्यंत सोडले नाही. शिरेतून दिल्यास रक्तातील प्रमाण खूप वाढते, म्हणून त्यावर पुढेही संशोधन होत राहिले; पण कर्करोगाचा सिद्ध उपचार म्हणून ते मान्य झालेले नाही.

हेच पॉलिंग १९५३ साली वेगळे वागले होते. डीएनएची त्यांनी मांडलेली तीन धाग्यांची रचना चुकली होती. केंब्रिजला जाऊन त्यांनी वॉटसन आणि क्रिक यांची दोन धाग्यांची प्रतिकृती पाहिली आणि ती मान्य केली. त्यात त्यांचा मोठेपणाच दिसला.

एव्हा हेलन १९८१ मध्ये पोटाच्या कर्करोगाने गेल्या. पॉलिंग यांचे निधन १९ ऑगस्ट १९९४ रोजी प्रोस्टेटच्या कर्करोगाने झाले. त्यांना कर्करोग झाला म्हणून गोळी वाईट ठरत नाही आणि ते ९३ वर्षे जगले म्हणून ती गुणकारीही ठरत नाही. एका माणसावरून औषधाचा निकाल लावता येत नाही.

मग आज काय सिद्ध आहे? अनेक चाचण्या एकत्र तपासून २०१३ मध्ये जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यानुसार रोज गोळी घेतल्याने सामान्य माणसाची सर्दी टळत नाही. नियमित घेणाऱ्यांत सर्दीचा काळ मोठ्यांत सुमारे ८ टक्के आणि मुलांत १४ टक्के कमी होतो. मॅरेथॉन धावपटूंसारखे अतिश्रम करणाऱ्यांत मात्र सर्दीचा धोका जवळपास निम्मा झाला. सर्दी सुरू झाल्यावर गोळी घेण्याचा खात्रीचा उपयोग दिसला नाही.

प्रमाणाविषयी पालकांनी लक्षपूर्वक वाचावे. भारतीय शिफारशीप्रमाणे रोज पुरुषांना ८० आणि स्त्रियांना ६५ मिलिग्रॅम पुरते. १०० ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम असते. आवळा, संत्रे, लिंबू, ढोबळी मिरची हीही उत्तम. शिजवल्याने त्यातले बरेच नष्ट होते, म्हणून काही फळे कच्चीच खावीत. एका वेळी १ ग्रॅमपेक्षा जास्त घेतल्यास निम्म्याहून कमी शोषले जाते, बाकीचे वाया जाते. मोठ्यांसाठी दिवसाची वरची मर्यादा २००० मिलिग्रॅम आहे. ४ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी फक्त ६५०. बाजारातील चघळण्याची गोळी बहुधा ५०० मिलिग्रॅमची असते. आंबटगोड गोळी म्हणून लहान मुलाने दोन खाल्ल्या की मर्यादा ओलांडली! अतिमात्रेने पोट बिघडते, जुलाब होतात. मूतखड्याचा त्रास, शरीरात लोह साठण्याचा विकार किंवा जी-सिक्स-पीडीची कमतरता असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मोठी मात्रा घेऊ नये. २०२० च्या कोरोनाकाळात अनेक घरांत या गोळ्यांचे डबे आले. ते मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवावेत.

विद्यार्थी मित्रांनो, पॉलिंग यांची जिद्द घ्या, परिश्रम घ्या, सत्तेपुढे न झुकण्याचे धैर्य घ्या. पण सांगणारा कितीही मोठा असला तरी पुरावा मागायला विसरू नका. आणि मधल्या सुट्टीत गोळीऐवजी पेरू खा.