नाना फडणिसांची नजर आणि मित्रांचा विश्वास

मित्रराष्ट्राच्या प्रमुखाचे संभाषण चोरून ऐकावे काय, हा प्रश्न २०१३ साली जगापुढे नव्याने उभा राहिला. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेची गुप्त कागदपत्रे एडवर्ड स्नोडेन या कंत्राटी कर्मचाऱ्याने उघड केली, आणि जर्मनीच्या चॅन्सेलर अँगेला मेर्केल यांच्या दूरध्वनीवरही पाळत असल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. वॉशिंग्टनमधील भारतीय वकिलातही लक्ष्यांच्या यादीत असल्याचे सांगण्यात आले. सर्वच राष्ट्रे हे करतात, असे समर्थन तेव्हा अनेकांनी केले. या समर्थनाचा कस लावून पाहावयाचा, तर मराठ्यांच्या इतिहासात त्यासाठी एक पुरेसे मोठे चरित्र आहे. ते बाळाजी जनार्दन भानू, म्हणजेच नाना फडणीस यांचे.

नानांचा जन्म १७४२ साली साताऱ्यास झाला. फडणिशी घराण्यात वंशपरंपरेने चालत आलेली. वडिलांच्या मृत्यूनंतर कोवळ्या वयातच ती त्यांच्याकडे आली. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी पानिपत पाहिले. त्या मोहिमेत अब्दाली यमुना उतरून अलीकडे आला, तरी मराठी छावणीस त्याची वेळेवर खबर लागली नाही आणि दक्षिणेची वाट तुटली. त्या रणधुमाळीतून नाना कसेबसे वाचले. त्यांची आई मात्र अंतरली. बातमी न कळल्याची किंमत ज्याने अशी मोजली, त्याने पुढे बातमीलाच राज्याचा कणा मानले, यात नवल ते काय?

नारायणरावांच्या खुनानंतर १७७४ मध्ये बारभाईंचे कारस्थान उभे राहिले, आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांच्या नावाने कारभार सुरू झाला. नाना तलवारीचे शिपाई नव्हते, स्वतःचे सैन्य त्यांच्यापाशी नव्हते. शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन हे सरदार फौजा बाळगून होते. अशा स्थितीत त्यांचे बळ दोन गोष्टींत होते : हिशेब आणि बातमी. दिल्लीस हिंगणे, हैदराबादेस गोविंदराव काळे, महादजी शिंद्यांच्या छावणीत सदाशिव दिनकर अशी त्यांची माणसे ठिकठिकाणी होती, आणि त्यांची सविस्तर पत्रे सतत पुण्यास येत. या उघड वकिलांखेरीज गुप्त बातमीदार होतेच.

उत्तरेकडील टपालाची मोठी वाट खानदेशातून जाई. आज चाळीसगाव, पाचोरा, भुसावळ असा जो लोहमार्ग बऱ्हाणपुराकडे जातो, साधारण त्याच पट्ट्यातून जासूदांच्या जोड्या लाखोटे घेऊन धावत. खानदेशचे परगणे पेशवे, शिंदे व होळकर यांच्यात वाटलेले होते. म्हणजे ज्यांच्याविषयी बातमी असे, त्यांच्याच मुलखातून ती पुण्यास पोहोचे. धुळ्यास देह ठेवणाऱ्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी, तसेच खरे व पारसनीस यांनी छापलेली त्या काळची पत्रे वाचली, की या जाळ्याचा विस्तार ध्यानात येतो.

शत्रूच्या बाबतीत या व्यवस्थेचे यश निर्विवाद होते. १७७८ च्या अखेरीस राघोबादादांना घेऊन इंग्रजांची फौज मुंबईहून निघाली. तिच्या हालचालींची खबर पुण्यास मिळत गेली, तिला घाट चढू दिला गेला, आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे तिला मानहानीचा तह पत्करावा लागला. चाल करून येणाऱ्या फौजेवर नजर ठेवू नये, असे कोणताही नीतिशास्त्रज्ञ म्हणणार नाही.

मित्रांची गोष्ट एवढी सरळ नाही, आणि येथेही नानांची बाजू अगदीच लंगडी नव्हती. इंग्रजांविरुद्ध निजाम, हैदर व नागपूरकर भोसले यांची जूट त्यांनी बांधली. तिच्यातील मुधोजी भोसल्यांनी आतून वॉरन हेस्टिंग्जशीच संधान ठेवले. पुढे टिपूविरुद्ध १७९० मध्ये मराठे, निजाम व इंग्रज एकत्र आले, तेव्हा पुण्यातील इंग्रज वकील मॅलेट हाही आपल्या मित्राच्या दरबारातील बित्तंबातमी गोळा करीतच होता. मित्र बदलतो आणि मित्रही टेहळणी करतो; मग आपणच डोळे का मिटावेत, हा युक्तिवाद नानांच्या काळीही बिनतोड वाटला असेल.

परंतु पाळतीला स्वतःची मर्यादा कळत नाही. शत्रूकडून ती मित्राकडे आली, मित्राकडून स्वकीयांकडे वळली. महादजी १७९२ मध्ये पुण्यास आले, तेव्हा राज्याचे हे दोन खांब एकमेकांकडे संशयानेच पाहत होते. अखेर ही नजर खुद्द धन्यावर गेली. शिवनेरीवर अटकेत असलेल्या बाजीरावांशी तरुण सवाई माधवरावांचा गुप्त पत्रव्यवहार सुरू झाला. तो नानांच्या माणसांनी पकडला. मध्यस्थी करणाऱ्या बळवंतराव नागनाथास कैद झाली, आणि पेशव्यास आपल्याच कारभाऱ्याचे शब्द ऐकून घ्यावे लागले. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्यातून खाली पडले व दोन दिवसांनी निवर्तले. तो अपघात होता की आत्मघात, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. त्याच वर्षी मार्च महिन्यात खर्ड्याचा विजय मिळाला होता. वैभवाचे शिखर आणि कडेलोट यांत आठ महिन्यांचेही अंतर राहिले नाही.

पुढचा काळ या व्यवस्थेचा दुबळेपणा उघडा करणारा आहे. ज्यांचा भरवसा धरला ते परशुरामभाऊ पटवर्धन उलटले, आणि नानांना महाडकडे आश्रय शोधावा लागला. तेथून केवळ पत्रांच्या व पैशाच्या बळावर त्यांनी सारा डाव पुन्हा आपल्याकडे फिरवला, ही त्यांच्या बुद्धीची कमाल. मात्र ३१ डिसेंबर १७९७ रोजी दौलतराव शिंद्यांच्या छावणीत ते भेटीस गेले ते मायकेल फिलोज या त्यांच्या परदेशी सेनाधिकाऱ्याच्या शपथेवर विसंबून, आणि तेथेच कैद झाले. साऱ्या हिंदुस्थानची खबर राखणारा मुत्सद्दी आपल्या शहराच्या वेशीवर दिलेल्या शब्दाने फसला. पुढे सुटका झाली, कारभारही मिळाला. पण १३ मार्च १८०० रोजी ते वारले तेव्हा त्यांच्यामागे राज्य सांभाळील अशी विश्वासाने बांधलेली माणसे उरली नव्हती. त्यांच्या कैदेस बरोबर पाच वर्षे झाली त्याच तारखेस, १८०२ साली, बाजीरावांनी वसईचा तह केला आणि इंग्रज मित्र पुण्याचा पहारेकरी बनला. त्या मित्राच्या वकिलातीला पेशव्याच्या दरबारातील काहीही लपून राहिले नाही, हे एल्फिन्स्टनच्या काळात दिसून आले.

अर्थशास्त्रात पत नावाची एक गोष्ट असते. ती वर्षानुवर्षांच्या व्यवहारातून साठते आणि एका दिवसात बुडू शकते. बातमी पैशाने मिळते, पत तशी मिळत नाही. मित्राचे गुपित फोडताना राज्य आपल्या पतीतून उचल करीत असते, आणि ही उचल कोणत्याही जमाखर्चात दिसत नाही. हिशेबात दमडीची चूक न खपवणाऱ्या नानांच्या वहीतही तिला रकाना नव्हता.

त्यांच्यावर सारा दोष टाकणे मात्र अन्यायाचे होईल. तरुणपणाच्या आत्मवृत्तात स्वतःची उणी बाजू त्यांनी ज्या मोकळेपणाने लिहिली आहे, तिच्यावरून हा मनुष्य आत्मपरीक्षण जाणत होता, हे दिसते. उणीव होती ती व्यवस्थेची. धनी अल्पवयीन, सरदार स्पर्धक, आणि कोणावर पाळत ठेवावी, कोणावर ठेवू नये, हे विचारणारे कोणीही नाही. आजही हा प्रश्न जुना झालेला नाही. अमेरिकेत हेरखात्यावर देखरेख ठेवणाऱ्या संसदीय समित्या असूनही २०१३ चा प्रकार घडला. आपल्याकडे तर १९६८ साली स्थापन झालेल्या रॉसारख्या संघटनेला संसदेने केलेल्या स्वतंत्र कायद्याचा आधारही नाही. राज्याला डोळे हवेत, हे पानिपतने शिकवले. त्या डोळ्यांना जाब विचारणारे कोणी हवे, हा धडा शनिवारवाड्याने दिला आहे. तो शिकणे अजून बाकी आहे.