मोडेमला फाइल समजणाऱ्या युनिक्समागचा माणूस, डेनिस रिची

समजा तुम्ही नांदेडला किंवा लातूरला हॉस्टेलवर राहता. लॅपटॉपवर लिनक्स आहे, यूएसबी डोंगल लावलंय, पण नेट काही चालत नाही. दोष डोंगलचा की नेटवर्कचा?

एखादा जाणकार मित्र येतो. मिनिकॉम नावाचा प्रोग्राम उघडतो, डोंगलचा पोर्ट निवडतो, ‘एटी’ ही दोन अक्षरं टाइप करून एंटर मारतो. उत्तर येतं, ‘ओके’. म्हणजे डोंगलमधला मोडेम जिवंत आहे, गडबड पुढे कुठेतरी आहे.

हे इतकं सोपं का? कारण लिनक्सच्या लेखी मोडेम म्हणजे एक फाइल. फाइलमध्ये लिहावं तसं त्याला सांगायचं, फाइल वाचावी तसं त्याचं उत्तर वाचायचं. ही पद्धत आली युनिक्समधून. आणि युनिक्स घडवणाऱ्या दोन प्रमुख माणसांपैकी एक होता डेनिस रिची.

रिचीचा जन्म 9 सप्टेंबर 1941 चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातला. वडील बेल लॅब्समध्ये शास्त्रज्ञ होते. बेल लॅब्स म्हणजे तेव्हाची एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा. पोरगं हार्वर्डला फिजिक्स शिकलं, पुढे पीएचडीचा प्रबंधही लिहिला, पण पदवी काही घेतली नाही. 1967 मध्ये तोही बेल लॅब्समध्येच लागला.

1969 मध्ये त्याचा सहकारी केन थॉम्पसनने एका जुन्या पीडीपी-7 मशीनवर छोटी ऑपरेटिंग सिस्टीम लिहायला घेतली. रिची त्याच्या जोडीला आला आणि युनिक्स उभं राहिलं. पण अडचण अशी की ते त्या-त्या मशीनच्या भाषेत लिहिलेलं होतं. मशीन बदललं की पुन्हा पहिल्यापासून लिहा.

यावर रिचीने सी ही भाषा तयार केली. 1973 मध्ये युनिक्सचा गाभा सीमध्ये नव्याने लिहिला गेला. त्यामुळे पुढे ते वेगवेगळ्या मशीनवर नेता आलं. 1978 मध्ये ब्रायन कर्निघनसोबत त्याने सीवरचं पुस्तक लिहिलं. 1983 मध्ये त्याला आणि थॉम्पसनला ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

आपल्याकडे पोरं सी शिकली ती बरीचशी नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’वरून. भाषा बनवणाऱ्याचं नाव मात्र अनेकांच्या लक्षात राहिलं नाही.

शेवटही तसाच झाला. 5 ऑक्टोबर 2011 ला स्टीव्ह जॉब्स गेला, जगभर हेडलाइन झाल्या. आठवडाभराने, 12 ऑक्टोबरला, न्यू जर्सीतल्या घरी रिची मृतावस्थेत सापडला. वय 70, एकटाच राहायचा. बातमी आली, पण तेवढा गाजावाजा झाला नाही.

गंमत बघा, जॉब्सच्या आयफोनची मुळंही युनिक्समध्येच आहेत. आणि तुमच्या हातात अँड्रॉइड असेल, तर त्यातला लिनक्सचा गाभा बहुतांश सीमध्येच लिहिलेला आहे. म्हणजे रिचीचं नाव ऐकलं नसलं, तरी त्याचं काम रोज तुमच्या खिशात असतं.